झाडाखालची वीस मिनिटे

वाहतुकीच्या कोंडीने आणि संगणकाच्या पडद्याने शिणलेल्या बेंगळुरूकरांना ताणावरचा एक साधा उतारा त्यांच्याच बागांमध्ये सापडला आहे. आजी-आजोबा जे पूर्वीपासून सांगत आले, त्याला आता शास्त्राचाही दुजोरा मिळतो आहे.

सकाळी सहाच्या सुमाराला बेंगळुरूच्या लालबागेत शिरा. कानटोपी घातलेले आजोबा, साडीवर कॅनव्हासचे बूट चढवलेल्या गृहिणी, रात्रपाळी संपवून आलेला एखादा संगणक अभियंता, असे सगळे बागेतल्या त्या प्रचंड खडकाकडे निघालेले दिसतील. हा खडक सुमारे तीनशे कोटी वर्षांपूर्वीचा. माथ्यावर केंपेगौडांच्या नावाने ओळखला जाणारा बुरूज. तिथे उभे राहून सूर्योदय पाहणारा माणूस आदल्या दिवशी साहेब काय बोलला ते विसरतो असे नाही. पण ते बोलणे त्याला तेवढे मोठे वाटत नाही, एवढे नक्की!

मराठी माणसाला हे शहर परके नाही. १६३८ मध्ये विजापूरकरांनी बेंगळुरू जिंकले आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. पुढे १७६० मध्ये हैदरअलीने लालबागेची सुरुवात केली, टिपूने ती वाढवली. आज ही बाग सुमारे २४० एकरांवर पसरली आहे. शहराच्या मध्यावरचा कब्बन पार्क १८७० चा. म्हैसूर संस्थानचे मुख्य अभियंता रिचर्ड सँकी यांनी तो आखला. उद्यानांचे शहर ही बेंगळुरूची ख्याती या दोन बागांनीच घडवली.

ताणाचे शहर

पण गेल्या तीस-पस्तीस वर्षांत या शहराची दुसरीही ओळख झाली. संगणक कंपन्या आल्या, पगार वाढले, त्यांच्याबरोबर गाड्याही वाढल्या. टॉमटॉम या कंपनीच्या पाहणीनुसार २०२२ मध्ये शहराच्या मध्यभागात दहा किलोमीटर जायला सरासरी २९ मिनिटे लागत होती. जगातल्या सर्वांत संथ शहरांत त्या वर्षी बेंगळुरूचा क्रमांक लंडनखालोखाल दुसरा लागला. सकाळी कोंडी, दिवसभर पडदा, संध्याकाळी पुन्हा कोंडी. घरी पोहोचलेला माणूस मुलांवर का खेकसतो, याचे उत्तर बऱ्याचदा घरात नसते, रस्त्यावर असते.

पुण्या-मुंबईच्या वाचकांना हे वेगळे सांगायला नको.

झाडे करतात तरी काय?

१९८४ मध्ये रॉजर उलरिच या अमेरिकन संशोधकाने एक साधी तुलना प्रसिद्ध केली. पेन्सिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रुग्णांच्या नोंदी त्याने तपासल्या. निम्म्यांच्या खिडकीतून झाडे दिसत होती, निम्म्यांच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडे दिसणारे रुग्ण सरासरी पाऊण दिवस आधी घरी गेले आणि त्यांना वेदनाशामक औषधांचे जोरदार डोसही कमी लागले.

२०१५ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी ३८ जणांना दीड तास चालायला पाठवले. काहींना गवताळ, झाडांच्या भागात. काहींना वाहत्या रस्त्याच्या कडेने. झाडांतून आलेल्यांच्या मनात तेच तेच नकोसे विचार घोळणे कमी झाले होते. रस्त्याकडेने चाललेल्यांमध्ये तसा बदल दिसला नाही. म्हणजे नुसते चालणे पुरेसे नाही. कुठे चालता, यालाही महत्त्व आहे.

असे का होते? रेचल आणि स्टीफन कॅप्लन या मानसशास्त्रज्ञ दांपत्याने दिलेले स्पष्टीकरण कुणालाही पटेल असे आहे. हिशेब तपासताना, गाडी चालवताना आपण मनाला बळेच एका जागी बांधून ठेवतो. त्याने मन थकते. पानांची सळसळ किंवा पाण्यावरचे तरंग आपले लक्ष वेधून घेतात, पण त्यासाठी मनाला कष्ट पडत नाहीत. तेवढ्या वेळात थकलेल्या मनाला विसावा मिळतो.

किती वेळ हवा?

मिशिगन विद्यापीठाच्या २०१९ च्या प्रयोगात असे दिसले, की निसर्गात घालवलेल्या वीस ते तीस मिनिटांत ताणाशी संबंधित कॉर्टिसोल हे संप्रेरक सर्वांत वेगाने उतरते. त्याच वर्षी इंग्लंडमधल्या सुमारे वीस हजार लोकांच्या पाहणीत, आठवड्याला दोन तास निसर्गात घालवणाऱ्यांनी आपली प्रकृती आणि मन:स्थिती चांगली असल्याचे अधिक प्रमाणात सांगितले. हे दोन तास एकदम घालवा किंवा थोडे थोडे करून, फरक पडत नव्हता. अर्थात ज्यांची तब्येत बरी, तेच जास्त फिरतात, असेही असू शकते. म्हणून या आकड्यांना रामबाण समजू नये.

ही सावली आली कुठून?

बेंगळुरूत फेब्रुवारी-मार्चमध्ये गुलाबी टॅबेबुया फुलतो, मग नीलमोहर, मग गुलमोहर. हा योगायोग नाही. गुस्ताव्ह क्रुम्बिगल हा जर्मन उद्यानतज्ज्ञ आधी सयाजीराव गायकवाडांच्या बडोद्यात होता. १९०८ मध्ये तो बेंगळुरूला आला. वर्षभर शहरात कुठे ना कुठे फुले असावीत, अशा बेताने त्याने झाडे निवडली. पुढे १९८० च्या दशकात एस. जी. नेगिनहाळ या वनाधिकाऱ्याच्या देखरेखीखाली शहरात सुमारे पंधरा लाख झाडे लागली.

ही झाडे तोडायला मात्र एक दिवस पुरतो. २०१६ मध्ये बसवेश्वर चौक ते हेब्बाळ असा पोलादी उड्डाणपूल ठरला. आठशेहून अधिक झाडे जाणार होती. ऑक्टोबरमध्ये हजारो नागरिक मानवी साखळी करून रस्त्यावर उभे राहिले. घोषणा छोटीशीच होती, पुलाचे नाव आणि त्यानंतर ‘बेडा’ म्हणजे ‘नको’. मार्च २०१७ मध्ये सरकारने ती योजना रद्द केली. तापत्या शहरात झाड म्हणजे चैन नव्हे, हे त्या लोकांना पक्के ठाऊक होते. बेंगळुरूत केलेल्या मोजणीतच झाडांच्या रस्त्यावर हवेचे तापमान उघड्या रस्त्यापेक्षा पाच अंशांहूनही कमी आढळले आहे.

आज रविवारी कब्बन पार्कमधले रस्ते वाहनांना बंद असतात. २०२३ पासून तिथे शनिवारी सकाळी मंडळी चटया अंथरून, एकमेकांशी न बोलता पुस्तके वाचत बसतात. ‘कब्बन रीड्स’ नावाचा हा उपक्रम नंतर इतर शहरांतही पोहोचला.

घरच्या बाईला वेळ कुठला?

प्रश्न रास्त आहे. डबे, शाळा, पाणी, नोकरी यातून बागेत जायचे कधी? पण निसर्ग म्हणजे काही महाबळेश्वरच नव्हे. पुढील गोष्टी सहज जमण्यासारख्या आहेत :

• मुलाला शाळेच्या बसमध्ये बसवल्यावर लगेच घरी न परतता, जवळच्या झाडांच्या रस्त्याने वीस मिनिटे चाला.
• मोबाईल पिशवीत ठेवा. मिशिगनच्या प्रयोगात फोन, वाचन, गप्पा, तिन्ही टाळायला सांगितले होते.
• वेगाने चालण्याची चढाओढ नको. थांबा, बसा, वर पाहा.
• आठवड्यातून एक दिवस घरातल्या सर्वांनी मिळून जा. त्या दिवशीचा चहा यजमानांनी करावा!
• रोजच्या वाटेवरच्या पाच झाडांची नावे मुलांबरोबर शोधून काढा. नाव कळले की झाड ओळखीचे होते.
• ज्यांना बाहेर पडणे शक्य नाही, अशा आजारी किंवा वृद्ध माणसांचा पलंग खिडकीजवळ आणा.

एक इशारा मात्र आवश्यक. महिनोन्‌महिने झोप न लागणे, कशातच रस न वाटणे, जगणे नकोसे होणे हे बागेत फिरून जाणारे दुखणे नाही. त्यासाठी डॉक्टरच हवेत. १४४१६ या ‘टेलिमानस’ क्रमांकावर सरकारतर्फे विनामूल्य सल्ला मिळतो. २०२२ मध्ये सुरू झालेल्या या सेवेच्या कामात बेंगळुरूची ‘निम्हान्स’ ही संस्था अग्रभागी आहे.

बाकी रोजचा शीण, चिडचिड, डोक्यातली भणभण यांवर मात्र झाडाखालची वीस मिनिटे करून पाहायला काय हरकत आहे? क्रुम्बिगल १९५६ मध्ये गेला. फुलांचा त्याने घातलेला क्रम अजून चालू आहे आणि त्या सावलीत बसायला कुणाला पैसे पडत नाहीत. आपल्या गल्लीतही कुणीतरी लावलेले एखादे झाड असेलच. आज संध्याकाळी त्याच्याखाली थोडे थांबा. आणि नसेल, तर येत्या पावसाळ्यात एक लावा.