सेनापती युलिसिस ग्रँट : गैरसमज आणि वस्तुस्थिती

अमेरिकेच्या यादवी युद्धात (१८६१–१८६५) गुलामगिरी टिकवण्यासाठी फुटून निघालेल्या दक्षिणेकडील राज्यांचा पाडाव करणारे सेनापती युलिसिस ग्रँट यांची प्रतिमा, युद्धानंतर दक्षिणेत रुजलेल्या ‘लॉस्ट कॉज’ या मांडणीने, म्हणजे हा लढा गुलामगिरीसाठी नव्हताच आणि दक्षिण केवळ उत्तरेच्या संख्याबळामुळे हरली या दाव्याने, फार डागाळली.

गैरसमज : ग्रँट हे सैनिकांचे बळी देऊन जिंकणारे ‘खाटीक’ होते.
वस्तुस्थिती : १८६४च्या मे-जूनमध्ये व्हर्जिनियात त्यांचे सुमारे ५५,००० सैनिक मृत, जखमी वा बंदी झाले, आणि कोल्ड हार्बरच्या अखेरच्या हल्ल्याबद्दल त्यांनी स्वतःच आत्मचरित्रात खेद नोंदवला, मात्र प्रतिपक्षाचे सेनापती रॉबर्ट ली यांची हानी त्यांच्या लहान सैन्याच्या मानाने कमी नव्हती. शिवाय १८६३मध्ये मिसिसिपी नदीकाठच्या व्हिक्सबर्गला वेढा घालून, रसद तोडून त्यांनी सुमारे २९,००० सैनिकांना शरण आणले, ते डावपेचांच्या बळावर.

गैरसमज : ली यांनी गुलाम मुक्त केले, ग्रँट यांनी मात्र युद्ध संपेपर्यंत बाळगले.
वस्तुस्थिती : सासऱ्यांच्या शेतावर ग्रँट यांनी गुलामांकडून काम करून घेतले, हे खरे, परंतु त्यांच्या स्वतःच्या मालकीचा ज्ञात असलेला एकमेव गुलाम विल्यम जोन्स याला त्यांनी १८५९मध्ये, स्वतः आर्थिक ओढगस्तीत असताना, विकण्याऐवजी मुक्त केले. ली यांनी १८६२च्या अखेरीस मुक्त केलेले गुलाम त्यांच्या सासऱ्यांचे होते आणि त्यांना पाच वर्षांच्या आत मुक्त करण्याचे बंधन मृत्युपत्रातच होते.

गैरसमज : व्हर्जिनियातील ॲपोमॅटॉक्स येथे ली यांनी तलवार ठेवली आणि युद्ध संपले.
वस्तुस्थिती : ९ एप्रिल १८६५ रोजी केवळ ली यांचे सैन्य शरण आले, दक्षिणेचे इतर सेनानी जोसेफ जॉन्स्टन यांनी २६ एप्रिलला आणि स्टँड वाटी यांनी २३ जूनला शस्त्रे खाली ठेवली. अधिकाऱ्यांनी तलवारी जवळ ठेवाव्यात, असे ग्रँट यांनीच शर्तींत लिहिल्याने तलवार स्वीकारण्याचा प्रश्नच आला नाही. स्वतःचे घोडे असलेल्या सैनिकांना ते शेतीसाठी घरी नेण्याचीही मुभा मिळाली.

या औदार्यामुळे युद्धाचे कारण मात्र विसरता येत नाही. ग्रँट राष्ट्राध्यक्ष असताना, १८७३मध्ये, जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ गुलामांना दास्यमुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांना अर्पण केला. ‘लॉस्ट कॉज’ने जे झाकले, ते पुण्यातून स्पष्ट दिसत होते.