डबल बेडची खोली

हॉटेलच्या काउंटरवर दोन पुरुषांनी आधार कार्डं पुढे केली, की आपल्याकडे सहसा कुणी काही विचारत नाही. मित्र असतील, कंपनीच्या कामाला आले असतील, असं धरून चालतात. डबल बेडची खोली आधीच ठरवलेली असली तरी काउंटरवरचा मुलगा भल्या मनाने म्हणतो, "सर, ट्विन बेड करून देतो, तुम्हाला बरं पडेल." यावर "नको, डबलच द्या" म्हणायचं बळ रात्रभराच्या प्रवासानंतर दर वेळी अंगात असतंच असं नाही. दोन बायका असतील तर आधी "दोघीच?" असा प्रश्न येतो आणि त्यामागोमाग घरच्यांची चौकशी. खोली मिळते, पण मैत्रिणी म्हणून, मामेबहिणी म्हणून. समलिंगी जोडप्यांनी फिरायला कुठे जावं, हे ठरवताना मी एकच कसोटी धरते. जिथे आपलं नातं बदलून सांगावं लागत नाही, ती जागा चांगली.

कायदा आधी पाहावा लागतो. भारतात ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांचे संमतीचे संबंध कलम ३७७ च्या कक्षेतून बाहेर काढले. दोन सज्ञान व्यक्तींनी एका खोलीत राहू नये असा कोणताही कायदा देशात नाही. असलाच तर तो त्या हॉटेलचा स्वतःचा नियम असतो. बाहेर मात्र चित्र बदलतं. हनिमून म्हटलं की ज्या मालदीवच्या जाहिराती सगळ्यात आधी दिसतात, तिथे समलिंगी संबंधांना आठ वर्षांपर्यंत कैद आहे. रिसॉर्टच्या बेटावर कुणी डोकावत नाही, असं एजंट सांगतात. तसं असेलही. पण तिथे चोरी झाली, कुणी धमकावलं, तर पोलिसांकडे जायची सोय उरत नाही, कारण त्या कायद्याच्या लेखी गुन्हेगार आपणच. मलेशिया आणि संयुक्त अरब अमिरातींचंही तेच.

आशियात मी सगळ्यात आधी तैवानचं नाव घेईन. तिथल्या घटनात्मक न्यायालयाने मे २०१७ मध्ये समलिंगी विवाहाच्या बाजूने निकाल दिला. पुढच्याच वर्षी सार्वमतात लोकांनी विरोधात कौल दिला. तरीही २४ मे २०१९ पासून कायदा लागू झाला आणि आशियात हा मान तैवानला पहिल्यांदा मिळाला. इतका वाद घरोघरी होऊन गेल्यामुळे तिथे हा विषय आता कुजबुजण्याचा राहिलेला नाही. तैपेईत शिमेन मेट्रो स्टेशनच्या सहा नंबरच्या दारातून बाहेर पडलं की रस्त्यावरच सहा रंगांचे पट्टे रंगवलेले आहेत. जवळच रेड हाउस ही लाल विटांची अष्टकोनी इमारत, १९०८ मध्ये जपानी राजवटीत मंडई म्हणून बांधलेली. तिच्या मागच्या चौकात गे बार आहेत आणि त्यांची टेबलं उघड्यावर मांडलेली असतात. ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारी शहरात मोठी प्राइड मिरवणूक निघते.

मला त्याहून अप्रूप वाटतं ते लगतच्या न्यू तैपेईतल्या एका लहानशा देवळाचं. लू वेइ-मिंग नावाच्या ताओपंथी पुजाऱ्याने ते २००६ मध्ये सुरू केलं. तिथला देव ससादेव, तू-अर-शेन, समलिंगी प्रेमिकांचा पाठीराखा मानला जातो. दंतकथा अशी की एका अधिकाऱ्यावर जीव जडल्याबद्दल मारल्या गेलेल्या तरुणाला यमलोकाने या प्रेमाचा रक्षक नेमलं. जोडीदार मिळावा म्हणून लोक इथे साकडं घालतात. देवाला साकडं घालणं आपल्याला नवं नाही. पण हे मागणं पुजाऱ्यासमोर उघडपणे बोलता येणं, हे आपल्याकडच्या कितीतरी मुलामुलींना अजून कल्पनेतही खरं वाटणार नाही.

थायलंडबद्दल फार सांगायला नको. २३ जानेवारी २०२५ पासून तिथे समलिंगी विवाह कायदेशीर झाले आणि बँकॉकचा सीलोम भाग तर गे बारसाठी जुना माहितीचा. देवळाच्या आवारात मात्र लगट करू नये. तिथे ती स्त्री-पुरुष जोडप्यांचीही कुणाला रुचत नाही.

खर्च आटोक्यात ठेवायचा असेल, पासपोर्ट काढलेला नसेल, तर नेपाळ. मतदार ओळखपत्रावर जाता येतं. नेपाळच्या सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्येच लैंगिक अल्पसंख्याकांना समान हक्क द्या असं सरकारला बजावलं, आणि २०२३ च्या नोव्हेंबरात लमजुंग जिल्ह्यात समलिंगी विवाहाची पहिली कायदेशीर नोंद झाली. गाईजात्रेच्या सणात, वर्षभरात ज्यांच्या घरचं माणूस गेलं ते लोक काठमांडूत मिरवणुकीने निघतात. त्याच दिवसांत ब्ल्यू डायमंड सोसायटी ही लैंगिक अल्पसंख्याकांची संस्था वर्षानुवर्षं आपली मिरवणूक काढत आली आहे. परक्याकडून उसना आणलेला उत्सव नाही हा, गावच्या सणातच मिळवलेली जागा आहे. मॉरिशसही यादीत धरावं. कोकणातून गेलेल्या मजुरांचे वंशज तिथे आजही मराठीपण जपतात, गणेश चतुर्थीला देशभर सुट्टी असते. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये १८३८ पासूनचं समलिंगी संबंधविरोधी कलम अशा जोडप्यांपुरतं निष्प्रभ केलं.

या सगळ्या माहितीत एक मोठी उणीव आहे. 'गे फ्रेंडली' म्हणून ज्या याद्या फिरतात त्या बहुतांशी पुरुषांच्या बारच्या असतात. दोन बायकांना हवं असतं ते वेगळं: रात्री दहा वाजता जेवून निर्धास्त चालत परतता येईल असा रस्ता, आतून नीट लागणारी कडी, आणि "नवरे नाही आले?" असं न विचारणारी मालकीण. ग्रीसमधल्या लेस्बॉस बेटावर, सॅफो या प्राचीन कवयित्रीचं जन्मस्थान मानल्या जाणाऱ्या एरेसोसच्या किनाऱ्यावर, १९७० च्या दशकापासून जगभरच्या लेस्बियन बायका येऊन राहतात. सप्टेंबरात तिथे त्यांचा महोत्सवही भरतो. अशी जागा आशियात मला दाखवता येत नाही, याची खंत वाटते.

जाण्याआधी जागेची चौकशी करण्याची रीत जुनी आहे. १९६४ मध्ये बॉब डॅमरन या अमेरिकी माणसाने खिशात मावेल अशी पत्त्यांची वही स्वतः छापली. कुठल्या शहरात कुठे बिनधोक बसता येतं, एवढंच तीत होतं. आज वही लागत नाही, पण विचारावं लागतंच. पैसे भरण्याआधी हॉटेलला दोन ओळींची ईमेल पाठवावी: आम्ही दोघी जोडपं आहोत, डबल बेडची खोली हवी, अडचण नाही ना? उत्तर "स्वागत आहे" असं सरळ आलं तर जावं. गोलमोल आलं किंवा आलंच नाही, तर तेही उत्तरच. डेटिंग अॅपवर नेमकं ठिकाण दाखवणं बंद ठेवावं. इजिप्तमध्ये पोलिसांनी अशाच अॅपवरून माणसं जाळ्यात ओढली आहेत. आणि आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये समलिंगी विवाहाला मान्यता नाकारल्यामुळे भारतीय कागदोपत्री तुम्ही एकमेकांचे कुणीच नाही, हे धरून चालावं. व्हिसाचा अर्ज स्वतंत्र करावा, आणीबाणीच्या संपर्कात जोडीदाराचं नाव आणि नंबर ठळक लिहावा, पासपोर्ट आणि विम्याच्या प्रती एकमेकांच्या फोनमध्ये ठेवाव्यात.

आता आपल्या घरच्या पर्यटन व्यवसायाबद्दल. मराठी माणूस परदेशी बहुधा ग्रुप टूरने जातो. बँकॉक कितीही मोकळं असलं तरी बसमध्ये शेजारी कोथरूडच्या नाही तर डोंबिवलीच्या काकू असतात, आणि तिसऱ्या दिवशी "लग्नाचं काय मग?" सुरू होतं. कितीतरी जोडपी केवळ या आठ दिवसांच्या बसप्रवासाला घाबरून टूरचा विचार सोडतात. त्यावर उपाय कंपन्यांच्या हातात आहेत आणि त्यांना खर्चही नाही. बुकिंगच्या फॉर्मवर 'पती' आणि 'पत्नी' या रकान्यांऐवजी दोन नावांच्या जागा ठेवा. डबल की ट्विन, हे ज्याने पैसे भरले त्याला विचारा आणि ते टूर मॅनेजरच्या यादीत लिहून द्या, म्हणजे विमानतळावरून हॉटेलात पोचल्यावर चाळीस जणांसमोर चाव्या वाटताना त्याला मोठ्याने विचारावं लागणार नाही. सीझनच्या टूर निघण्याआधी मॅनेजरांचं जे प्रशिक्षण होतं, त्यात यासाठी अर्धा तास काढा.