दर ठरवण्याचा वर्ध्याचा हिशेब

कामाचा दर सांगताना भल्याभल्यांची जीभ अडखळते. गिऱ्हाईक जाईल ही धास्ती. १९३५ मध्ये खादीच्या कामातही तीच होती. दिवसभर सूत कातणाऱ्या बायकांची मजुरी तुटपुंजी, पण वाढवली तर खादी महागेल, विक्री बसेल, असे कार्यकर्त्यांना वाटे. गांधीजींनी हिशेब उलटा मांडला: आठ तासांच्या चोख कामाला आठ आणे हवेत. त्या ऑक्टोबरात वर्ध्यात खादीचे काम चालवणाऱ्या अखिल भारत चरखा संघाने ठरावच केला, की मजुरी निदान पुरेसे अन्न आणि वर्षाचे वीस वार कापड भागेल इतकी असावी. आठ आणे लगेच जमले नाहीत, तरी पाया योग्यच होता. शिंपी, वकील, डिझायनर, शिकवणीवाले यांनीही आधी घरखर्च आणि कामाचे खरे तास मांडावेत, मगच आकडा सांगावा. समोरच्याने मागण्याआधीच तो कमी करू नये.