डागलेला रुपया
नाण्यांची ओळख : लेखांक ९

आत्याच्या गाठोड्यात व्हिक्टोरिया राणीचा १८६२ चा रुपया होता. गळ्यात घालता यावा म्हणून कुणीतरी त्याला कडी डागून घेतली होती. पुढे कडी निघाली, मुकुटाच्या वर डाग तेवढा राहिला. राणीचा चेहरा ठसठशीत, मागची वेलबुट्टी जशीच्या तशी. तरी कोल्हापूरच्या गुजरीतल्या सराफाने तो काट्यावर टाकला आणि मोडीचा भाव सांगितला. आत्याला फार वाईट वाटलं. ‘एवढ्याशा डागाने काय होतंय रे?’ या तिच्या प्रश्नाला तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं.

हा रुपया एक तोळ्याचा, म्हणजे ११.६६ ग्रॅमचा, त्यात चांदी ९१.७ टक्के. टाकसाळीने १८६२ हेच साल पुढे बरीच वर्षं छापलं, त्यामुळे तो आजही भरपूर मिळतो. शेजारी बिनडागाचा नग असताना डागलेला कोण उचलणार? म्हणून बारीकशी इजाही अशा नाण्याला थेट चांदीच्या भावावर आणून ठेवते. ज्याचा दुसरा नग वर्षानुवर्षं दिसत नाही, त्याला मात्र भोक असलं तरी गिऱ्हाईक असतं. ते घासाघीस करतं, पण नाणं सोडत नाही.

झीज वेगळी आणि इजा वेगळी. नाणं हजार हातांतून फिरलं की झिजतं. तो त्याचा धर्मच आहे. अमेरिकेत विल्यम शेल्डन यांनी १९४९ मध्ये मांडलेली १ ते ७० ची पट्टी मुख्यतः ही झीजच मोजते. भोक, खरवडलेला काठ, डागाची खूण असेल तर प्रमाणपत्र देणाऱ्या संस्था सहसा आकडा देतच नाहीत. नाणं अस्सल असल्याचं लिहितात आणि खाली दोष नोंदवतात.

सगळ्यात जास्त इजा आपण घरीच करतो, तीही मायेने. चिंच, लिंबू, देवाची भांडी घासायची पावडर! तांब्याच्या शिवराईवर शेकडो वर्षांत बसलेला तपकिरी-हिरवट थर पाच मिनिटांत जातो आणि खाली गुलाबी, ओरबाडलेलं तांबं उघडं पडतं. तो थर पुन्हा चढवता येत नाही, आणि जाणकार गिऱ्हाईक ते नाणं हातातही धरत नाही. कळकळीने सांगतो, घासू नका.

उलट, शिवराईवर ‘छत्र’ दिसतं आणि ‘पति’ दिसत नाही, म्हणून ती तुटकी समजून टाकूनही देऊ नका. ठसा मोठा आणि तांब्याची चकती लहान, त्यामुळे अक्षरं बाहेर राहायची. काठाची चीरही पुष्कळदा हातोड्याच्या घावानेच गेलेली असते. पूर्ण अक्षरांच्या शिवराईला पैसे जास्त मिळतात हे खरं, पण हा टाकसाळीतला जन्मखुणेचा प्रकार आहे, इजा नव्हे.

आणि आता आपल्या कोल्हापूरचीच गोष्ट. सातवाहनांच्या काळात इथे कुर घराण्याचं राज्य होतं. त्यांची शिशाची नाणी इथे सापडली. त्यांवर एका बाजूला धनुष्यबाण. वासिष्ठीपुत्र विळिवायकुर, माढरीपुत्र सिवलकुर, गौतमीपुत्र विळिवायकुर अशी तीन नावं त्यांवर येतात. यांत आधीचा कोण, नंतरचा कोण? काही नाण्यांवर जुन्या छापावरच नवा छाप मारलेला आहे. वासिष्ठीपुत्राच्या नाण्यावर सिवलकुराचा ठसा आणि त्या दोघांच्याही नाण्यांवर गौतमीपुत्राचा. अभ्यासकांनी तिघांचा क्रम लावला तो या दुहेरी छापांवरून. एरवी कुणी ‘खराब झालेलं’ म्हणून बाजूला सारलं असतं असं ओबडधोबड शिसं, त्याने एका घराण्यातल्या राजांचा क्रम सांगितला. असं नाणं हातात आलं तर दोन्ही छाप भिंगाखाली नीट पाहा. वरच्या छापाइतकाच खालचा पुसट छाप मोलाचा आहे.

आत्याचा रुपया आता माझ्याकडे आहे. डाग घासून साफ करून देतो असं एका कारागिराने सांगितलं होतं. मी दिला नाही. डाग गेला असता, पण त्याच्याबरोबर मुकुटाच्या वरची चांदीही गेली असती, आणि आत्याच्या घरात तो कुणीतरी गळ्यात घातला होता याची खूणही.

पुढच्या आठवड्यात : शिशाची नाणी लाकडी कपाटात पांढरी का पडतात.