पायपेचाची तोड आणि गार्ड ओलांडणे : नाव व क्रम यांचा विचार

ब्राझिलियन जिउ-जित्सू ह्या द्वंद्वविद्येच्या अध्यापनात दोन प्रकरणे सामान्यतः वेगवेगळी शिकवली जातात. खाली असलेल्या प्रतिस्पर्ध्याचे पाय ओलांडून त्याच्या बगलेस जाऊन स्थिर होणे, हे पहिले. आणि त्याने आपला पाय स्वतःच्या पायांत गुंतवला असता त्यातून सुटणे, हे दुसरे. ही दोन्ही प्रकरणे वस्तुतः एकाच क्रियेचे पूर्वार्ध व उत्तरार्ध होत, असे प्रस्तुत लेखात दाखवावयाचे आहे. हे ऐक्य सहसा ध्यानात येत नाही, यास ह्या विद्येची परिभाषा काही अंशी कारणीभूत आहे. आणि भाषाभ्यासकाने ह्या विषयात शिरण्याचे प्रयोजनही तेच होय. नाव आणि वस्तू यांतील अंतर पुष्कळदा निरुपद्रवी असते. येथे मात्र ते गुडघ्याच्या अस्थिबंधांना भोवते.

परिभाषेचे तीन थर

ह्या विद्येच्या शब्दसंग्रहात तीन भाषांचे थर स्पष्ट दिसतात. सर्वांत खालचा थर जपानी. जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये तोक्यो येथे कोदोकान ही ज्यूदोची संस्था स्थापन केली. त्या परंपरेतील मित्सुयो माएदा १९१४ मध्ये ब्राझीलमध्ये पोहोचले व पुढे बेलें येथे स्थायिक झाले. त्यांच्या शिकवणीतून कार्लोस ग्रेसी व त्यांचे बंधू यांच्याकडे ही विद्या आली आणि तिला नवे रूप मिळाले. त्यामुळे दुसरा थर पोर्तुगीज बनला. अमेरिकेत तिचा प्रसार झाल्यावर त्यावर इंग्रजीचा तिसरा थर चढला.

पायांच्या गुंतवणुकीस जपानीत 'आशि-गारामी' म्हणतात. 'आशि' म्हणजे पाय, आणि 'गारामी' हे गुंतणे, वेढणे ह्या अर्थाच्या क्रियापदापासून झालेले नाम. ज्यूदोच्या 'कातामे-नो-काता' ह्या आखीव पाठात हा पेच आजही शेवटचा म्हणून दाखवला जातो. स्पर्धेत मात्र तो निषिद्ध आहे. संस्कृत वळणाने त्याचे भाषांतर 'पदबंध' असे होईल. पण व्याकरणाने ती संज्ञा आधीच उचललेली असल्यामुळे येथे 'पायपेच' हा शब्द योजला आहे. फारसीतून आलेल्या 'पेच' ह्या शब्दात पीळ आणि अडचण हे दोन्ही अर्थ नांदतात, आणि येथे दोन्ही लागू पडतात.

सांधा जखडण्याच्या डावास पोर्तुगीजमध्ये 'शावि' म्हणजे किल्ली म्हणतात. आपला 'चावी' हा शब्द ह्याच पोर्तुगीज शब्दापासून आला आहे. इंग्रजीने त्याच क्रियेस 'लॉक', म्हणजे कुलूप, म्हटले. एका भाषेने फिरवण्याच्या क्रियेवर दृष्टी ठेवली, दुसरीने अडकण्याच्या परिणामावर. आपल्या विषयाला पोर्तुगीज रूपक अधिक जुळते. कारण ज्या डावाचा येथे विचार करावयाचा आहे, त्यात खरोखरच किल्लीसारखे फिरवणे असते.

नाव टाचेचे, इजा गुडघ्याला

पायपेचातील सर्वांत भयावह डाव म्हणजे इंग्रजीत 'हील हुक' व पोर्तुगीजमध्ये 'टाचेची चावी' म्हणून ओळखला जाणारा डाव. दोन्ही नावे टाचेची आहेत. परंतु टाच ही केवळ मूठ होय. प्रतिस्पर्धी आपल्या पायांनी आपली मांडी जखडतो, चवडा काखेत धरतो, टाच कोपराच्या बेचक्यात अडकवतो आणि सर्व धड वळवतो. पाऊल तरफेसारखे काम करते. नडगीचे हाड फिरू लागते. मांडीचे हाड मात्र जखडलेले असल्यामुळे फिरू शकत नाही. हा सगळा पीळ मधल्या सांध्यावर, म्हणजे गुडघ्यावर, येतो. गुडघा हा मुख्यतः मिटण्या-उघडण्याचा सांधा आहे. फिरण्याची त्याची मुभा अल्प असते. ती संपली की अस्थिबंध आणि अर्धचंद्राकृती कूर्चा यांवर घाला येतो.

ह्यातील खरा धोका असा की वेदनेची सूचना उशिरा मिळते. कोपर ताणले गेले असता हार मानण्यास बहुधा अवधी असतो. गुडघ्याच्या पिळात वेदना जाणवेपर्यंत इजा होऊन गेलेली असू शकते. नावावर विसंबलेला नवशिका टाच दुखण्याची वाट पाहतो. टाच दुखत नाही, म्हणून तो झगडत राहतो. म्हणून पहिला नियम हा की टाच पकडली गेली आणि गुडघा अद्याप जखडलेला आहे, तर वेदनेची वाट न पाहता हाताने थाप देऊन हार मान्य करावी.

आंतरराष्ट्रीय ब्राझिलियन जिउ-जित्सू महासंघाने २०२१ पासून हा डाव केवळ प्रौढ गटातील तपकिरी व काळ्या पट्ट्याच्या खेळाडूंना, आणि तोही जाड झग्याविना होणाऱ्या स्पर्धांत, खुला केला. त्याचे सामर्थ्य त्याआधीच सिद्ध झाले होते. २०१९ च्या अबू धाबी काँबॅट क्लबच्या जागतिक स्पर्धेत ७७ किलोंखालील गटाचे ऑस्ट्रेलियन खेळाडू लॅकलन जाइल्स यांनी खुल्या वजनगटात आपल्याहून पुष्कळ जड अशा तिघांना ह्याच डावाने हरवून तिसरे स्थान मिळवले.

गार्ड म्हणजे काय

मराठी वाचकाच्या कानात 'चितपट' हा शब्द रुजलेला आहे. आपल्या कुस्तीत पाठ जमिनीला लागली की निकाल लागतो. येथे तसे नाही. पाठीवर असलेला मल्ल जोवर आपले पाय स्वतःच्या व प्रतिस्पर्ध्याच्या मध्ये राखून आहे, तोवर तो सुरक्षितच नव्हे तर आक्रमकही असतो; ह्या स्थितीस 'गार्ड' म्हणतात. वरच्या मल्लाने ते पाय ओलांडून बगलेची स्थिती घेतली व ती तीन सेकंद टिकवली, तर महासंघाच्या नियमांप्रमाणे त्यास ३ गुण मिळतात.

आता ओलांडावयाचे म्हटले की वरच्या मल्लाला आपला पाय प्रतिस्पर्ध्याच्या पायांच्या टप्प्यात न्यावाच लागतो, आणि पायपेच नेमका तेथेच जन्म घेतो. म्हणजे पायपेच हा वाटेत योगायोगाने आलेला अपघात नसून ओलांडण्याच्या क्रियेतच अंतर्भूत असलेला संभव आहे.

सुटण्याचा क्रम

साध्या पायपेचाचे उदाहरण घेऊ. खालच्या मल्लाचे एक पाऊल आपल्या खुब्यावर टेकलेले आहे, दुसऱ्या पायाचा आकडा आपल्या मांडीमागे आहे, आणि त्याचे दोन्ही गुडघे आपल्या पायाभोवती मिटलेले आहेत. येथे सहजप्रवृत्ती पाय ओढून काढण्याची असते, आणि ती घातक असते. ओढल्याने मांडी चिमट्यातून थोडी सरकते, पण टाच उघडी होऊन नेमकी त्याच्या कोपराशी जाऊन अडते. योग्य क्रम पुढीलप्रमाणे आहे.

प्रथम टाच वाचवावी. शक्य असल्यास पाऊल जमिनीवर रोवून त्यावर भार द्यावा. टाच पकडली जाण्याच्या बेतात असल्यास दोन्ही हातांनी त्याचे एक मनगट धरून पकड पूर्ण होऊ देऊ नये. केवळ घोट्यावरचा सरळ डाव असेल, तर चवडा आपल्याकडे ताठ ओढून पाऊल पुढे रेटावे, जसे बुटात पाय घालताना रेटतो. ह्या सरळ डावास ब्राझीलमध्ये 'बोतिन्या', म्हणजे छोटा बूट, असेच म्हणतात.

दुसरी पायरी म्हणजे खुब्यावरचे पाऊल हाताने ढकलून खाली उतरवणे. तो टेकू गेला की अंतर राखण्याचे त्याचे साधन नाहीसे होते व गुडघ्यांचा चिमटा सैल पडतो.

तिसरी पायरी निर्णायक होय. आपला गुडघा त्याच्या मांड्यांच्या चिमट्यापलीकडे न्यावा. ह्या मर्यादेस 'गुडघारेषा' म्हणता येईल. गुडघा ह्या रेषेच्या आत असेल तोवर मांडी जखडलेली राहते व टाचेची पकड प्राणघातक अस्त्रासारखी असते. गुडघा बाहेर आला की मांडी नडगीबरोबर फिरू शकते आणि त्याच पकडीतले बळ ओसरते. पीळ आधीच सुरू झाला असेल, तर त्याच्या विरुद्ध न झगडता पिळाच्या दिशेने सर्व शरीर वळवावे. मात्र प्रतिस्पर्धीही मागोमाग वळू शकतो, म्हणून हा उपाय केवळ अवधी मिळवण्याचा आहे, सुटकेचा नव्हे.

पाऊल सर्वांत शेवटी सोडवावे. मराठी वाक्यात क्रियापद सामान्यतः शेवटी येते, तसे येथे पाऊल. ते आधी आणू पाहिले तर रचना मोडते, आणि तीबरोबर आणखी काही मोडण्याचा संभव असतो.

सुटका हीच ओलांडण्याची सुरुवात

येथे पूर्वार्ध संपतो. पुष्कळ मल्ल ह्या ठिकाणी दीर्घ श्वास घेऊन मागे सरतात. प्रतिस्पर्धी गार्ड पुन्हा उभारतो आणि सर्व प्रकार नव्याने सुरू होतो. वस्तुतः ह्याच क्षणी त्याचे पाय सर्वांत निरुपयोगी असतात. आपला एक पाय पकडण्यासाठी त्याने स्वतःचे दोन्ही पाय गुंतवलेले असतात. जे पाय आपल्याला अडवावयाचे, तेच कामात अडकलेले असतात.

म्हणून गुडघा रेषेबाहेर येताच तो तसाच पुढे, त्याच्या खालच्या मांडीवरून तिरका जमिनीकडे न्यावा. त्याच वेळी वरच्या बाजूचा हात त्याच्या काखेखालून घालून खांदे जमिनीशी सपाट करावेत. खांदे सपाट झाले की कंबर वळत नाही, आणि कंबर वळली नाही की पाय परत मध्ये येत नाहीत. मग पाऊल सोडवून बगलेस स्थिर व्हावे. त्याचे गुडघे एकाच बाजूस मिटून पडले असतील, तर दोन्ही एकत्र जमिनीशी दाबून त्याच्या पाठीच्या बाजूने जाणे अधिक सुकर. दोन्ही प्रकारांत तत्त्व एकच आहे : ज्या हालचालीने सुटावयाचे, तिच्याच पुढच्या टोकाने ओलांडावयाचे.

ह्याच्या उलट चूकही तितकीच संभवते. टाच उघडी व गुडघा आत असताना ओलांडण्याची घाई केली, तर आपल्याच धडाचा जोर पिळात मिळतो. प्रतिस्पर्ध्याने फार काही करण्याची गरज उरत नाही.

निष्कर्ष

ह्या डावाला कोणी 'गुडघ्याची पिळणी' म्हटले असते, तर शिकणाऱ्याचे लक्ष पहिल्या दिवसापासून योग्य सांध्याकडे गेले असते. 'सुटणे' आणि 'ओलांडणे' ही दोन क्रियापदे वेगळ्या पाठांत पडली नसती, तर एक संपल्यावर दुसरे सुरू करण्यात जाणारा मोलाचा क्षण वाचला असता. रूढ झालेली नावे आता बदलणार नाहीत, आणि ती बदलावीत असा येथे आग्रहही नाही. परिभाषा शिकवणाऱ्याने मात्र एवढी दक्षता अवश्य घ्यावी : नाव ज्या अवयवाकडे बोट दाखवते तो कोणता, आणि ज्याला जपावयाचे तो कोणता, हे दोन्ही प्रत्येक वेळी स्पष्टपणे सांगावे.