एकट्याने बर्फावर

कॉलेजात जाणाऱ्या मुलाला किंवा मुलीला बोरिवली-मुलुंडहून एकट्याने स्कीइंगला पाठवायचं असेल, तर हॉटेलच्या पॅकेजपेक्षा सरकारी संस्थेचा मुक्कामी वर्ग केव्हाही बरा. गुलमर्गला केंद्रीय पर्यटन मंत्रालयाची स्कीइंग आणि पर्वतारोहण संस्था आहे. मनालीची पर्वतारोहण संस्था तर १९६१ पासूनची. राहणं, जेवण, स्की, प्रशिक्षक सगळं एकाच छताखाली, त्यामुळे पोर रात्री कुठे असेल हा घोर उरत नाही.

हंगाम जानेवारी ते मार्च, नेमका परीक्षांच्या तोंडावर. म्हणून जागा लवकर धरावी. अठरा पूर्ण नसतील तर पालकांचं संमतिपत्र लागणारच. गुलमर्ग सुमारे २,६५० मीटरवर आहे, पहिला दिवस विश्रांतीचा ठेवा. आणि मुंबईचं प्रीपेड सिम काश्मीरमध्ये चालत नाही. निघण्याआधी पोस्टपेड घेऊन द्या.