लांबी तिप्पट, पोकळी एकोणतीसपट

जगातल्या सर्वांत मोठ्या यॉटच्या याद्या अधूनमधून छापून येतात आणि त्या हमखास लांबीनं लावलेल्या असतात. अबुधाबीच्या शेख खलिफांसाठी जर्मनीच्या ल्युर्सन कारखान्यानं २०१३ साली बांधलेली ‘अझ्झाम’ १८० मीटरची, म्हणून ती वरच्या ओळीत. रोमान अब्रामोविच यांची ‘एक्लिप्स’ १६२.५ मीटर. ल्युर्सननंच २०१६ साली बांधलेली ‘दिलबर’ १५६ मीटर, म्हणून ती आणखी खाली. वाचणारा मनात म्हणतो, चोवीस मीटर कमी म्हणजे तेवढी धाकटी. प्रत्यक्षात त्या ‘धाकट्या’ बोटीच्या पोटात ‘अझ्झाम’पेक्षा जास्त जागा आहे.

बोटीची जागा सकल टनांत मोजतात. हे टन वजनाचे नव्हेत. १९६९ च्या आंतरराष्ट्रीय करारात एक सूत्र आहे. बोटीतल्या सगळ्या बंदिस्त पोकळीचे घनमीटर त्यात घातले की हा आकडा निघतो. ‘अझ्झाम’चा आकडा सुमारे १३,१००, ‘दिलबर’चा १५,९१७. सूत्र उलटं फिरवलं तर ‘दिलबर’ची पोकळी ५४ हजार घनमीटरच्या आसपास येते, म्हणजे १९ लाख घनफूट. मुंबईतल्या बीडीडी चाळीची खोली १६० चौरस फुटांची. तिची उंची १० फूट धरली तर अशा जवळजवळ १,२०० खोल्या या एका बोटीत मावतील. एका चाळीत ८० खोल्या. म्हणजे अख्ख्या पंधरा चाळी, आणि त्याही पाण्यावर तरंगणाऱ्या.

आता दुसऱ्या टोकाची बोट घेऊ. ५० मीटरच्या कितीतरी यॉट नेमक्या ४९९ टनांच्या भरतात. हा योगायोग नाही. ५०० टनांना सागरी नियमांची एक पायरी आहे. ती ओलांडली की आग, सुरक्षा, कर्मचारी या सगळ्यांचे नियम कडक होतात आणि खर्च वाढतो. त्यामुळे आराखडा करणारे इथून एक कोपरा छाट, तिथून छत थोडं खाली घे, असं करत करत ४९९ वर आणून थांबवतात. प्राप्तिकराच्या टप्प्याखाली उत्पन्न बसवणाऱ्या मंडळींना ही कला वेगळी शिकवायला नको. अशा बोटीची पोकळी १,९०० घनमीटरच्या जरा आतच. ‘दिलबर’ तिच्या तिप्पट लांब, पण पोकळी एकोणतीसपट. लांबी वाढली की रुंदी वाढते, उंचीही वाढते. तीन गुणिले तीन गुणिले तीन सत्तावीस, आणि वर थोडं. शाळेतलं घनाचं गणित आहे, पण लांबीच्या यादीत ते दिसत नाही.

जागा घनानं वाढते, तशी माणसं मात्र वाढत नाहीत. समुद्रावर बारा या आकड्याला फार महत्त्व आहे. आंतरराष्ट्रीय सुरक्षा करारानुसार बारापेक्षा जास्त प्रवासी घेणारं जहाज ते प्रवासी जहाज. तेरावा पाहुणा चढला, की आगरोधक भिंती, पाणी शिरलं तर ते अडवणारे कप्पे, जीवरक्षक नौका या सगळ्यांचा हिशेब बदलतो. (खलाशी या बारांत धरत नाहीत. त्यांच्याकडे येऊच.) म्हणून भाड्यानं मिळणाऱ्या बहुतेक यॉटवर पाहुणे बारा, मग ती ४० मीटरची असो की ८० मीटरची. छत्तीस पाहुण्यांपर्यंतच्या यॉटसाठी ब्रिटिश परंपरेच्या झेंड्यांनी पुढे वेगळी नियमावली केली. पण तिच्या वाटेला जाणारे थोडेच.

२०१७ साली ल्युर्सननं ‘अमादेआ’ नावाची १०६ मीटरची यॉट बांधून दिली. आकडा ४,४०२ टन, म्हणजे साडेपंधरा हजार घनमीटर. ४९९ टनांच्या बोटीपेक्षा लांबी जेमतेम दुप्पट, पोकळी आठपट. पाहुणे किती? सोळा. छोट्या बोटीत दर पाहुण्यामागे सुमारे १५७ घनमीटर येतात, तर ‘अमादेआ’त जवळपास ९७०. अर्थात ही सगळी पोकळी पाहुण्यांच्या पायाखाली नसते. इंजिनं, जनित्रं, इंधनाच्या टाक्या, खाऱ्या पाण्याचं गोडं करणारी यंत्रं, छोट्या बोटींचं गॅरेज, धुलाईघर आणि हे सगळं चालवणारी ३६ माणसं त्यातच राहतात. ‘दिलबर’च्या बाबतीत राहण्याजोगं क्षेत्र ३,८०० चौरस मीटर सांगितलं जातं. ते प्रचंडच आहे, जवळपास ४१ हजार चौरस फूट. पण सरासरी तीन मीटर उंची धरली तरी ते एकूण पोकळीच्या चौथ्या हिश्शाइतकंही होत नाही. उरलेली तीन चतुर्थांश बोट पाहुण्याला बहुधा दिसतही नाही.

दिसणाऱ्या भागातही खरी करामत न दिसणारीच. ‘अझ्झाम’चा मुख्य दिवाणखाना २९ मीटर लांब आणि १८ मीटर रुंद आहे, आणि मध्ये एकही खांब नाही. बोटीची एकूण रुंदीच २१ मीटरला थोडी कमी. म्हणजे दिवाणखाना जवळजवळ काठाला काठ. जमिनीवर १८ मीटरचं छत बिनखांबी तोलणं अवघड नाही. लग्नाचं मोठं सभागृह बांधणारा कुठलाही इंजिनिअर ते करतो. पण त्या सभागृहाचा पाया लाटेवर वाकत नाही. १८० मीटरची बोट दोन लाटांच्या माथ्यांवर टेकली की मध्यात खाली लवते, एकाच लाटेवर मध्यात टेकली की दोन्ही टोकं लवतात, आणि हे रात्रंदिवस चालू. शिवाय ही बोट ताशी ३० सागरी मैलांच्या वर, म्हणजे ५५ किलोमीटरहून जास्त वेगानं पळते. त्यासाठी दोन गॅस टर्बाइन आणि दोन डिझेल इंजिनं मिळून ९४ हजार अश्वशक्ती. एवढी यंत्रं धडधडत असताना तिथं बसून निवांत कॉफी पिता यायला हवी, ही मालकाची अट.

निवांतपणाचाही आकडा असतो. १,६०० ते १० हजार टनांच्या व्यापारी जहाजावर खलाशाच्या खोलीत ६० डेसिबलपर्यंत आवाज चालतो, त्याहून मोठ्या जहाजावर ५५. यॉटवर मालकाच्या शयनगृहासाठी मागणी ४५ च्या आसपासची असते. पंधराचा फरक कागदावर किरकोळ वाटतो, पण डेसिबलची मोजपट्टी साधी नाही. दहा उतरले की आवाजाची शक्ती दशांशावर येते. पंधरा म्हणजे सुमारे तिसावा हिस्सा. त्यासाठी इंजिनं लवचीक आधारांवर बसवतात, खोलीची जमीन पोलादाला थेट न टेकवता रबरी थरावर तरंगती ठेवतात, भिंतीचे पत्रे सांगाड्यापासून सुटे ठेवतात. खोलीच्या आत खोली करायची. अशा प्रत्येक थरानं बाजूची आणि वरची काही बोटं जागा खाल्ली, की पुन्हा पोकळीचा हिशेब.

मग संगमरवर. इथं वजन आडवं येतं. दोन सेंटिमीटर जाडीची फरशी चौरस मीटरला ५४ किलो भरते. हजार चौरस फुटांना पाच टन. आणि हे पाच टन वरच्या मजल्यावर चढवले की बोटीचा गुरुत्वमध्य वर सरकतो, बोट जास्त कलंडू पाहते. म्हणून दगड चार-पाच मिलिमीटरपर्यंत पातळ कापून ॲल्युमिनियमच्या मधमाशीच्या पोळ्यासारख्या जाळीवर चिकटवतात. पाहुणा ज्या ‘भरभक्कम’ संगमरवरी खांबाला टेकतो तो बहुधा आतून पोकळ असतो. हे समजल्यावर मला तरी जरा बरं वाटलं.

पाण्याचं वजन मात्र असं पातळ कापता येत नाही. ‘दिलबर’च्या आत २५ मीटर लांबीचा पोहण्याचा तलाव आहे, १८० घनमीटर पाण्याचा. म्हणजे १८० टन पाणी आणि तेही हलणारं. बोट एका बाजूला झुकली की पाणी त्याच बाजूला धावतं आणि तिला आणखी झुकवतं. म्हणून यॉटवरच्या तलावांचं पाणी समुद्र खवळताच काढून घेण्याची सोय करावी लागते. तलाव बांधायचा तर तो रिकामा करायची व्यवस्थाही बांधायची. ‘एक्लिप्स’च्या १६ मीटरच्या तलावाचा तळ वर उचलला की नाचायची जमीन होते. ही कल्पना जुनी आहे. १९४३ साली पाण्यात उतरलेली ‘स्टॉरमॉन्ट’ ही कॅनडाची युद्धनौका ॲरिस्टॉटल ओनासिस यांनी युद्धानंतर भंगाराच्या भावात, ३४ हजार डॉलरला घेतली आणि तिच्यावर सुमारे ४० लाख डॉलर ओतून ‘क्रिस्टिना’ केली. तिच्या तलावाचा तळही असाच वर येतो. खरेदीपेक्षा सजावट शंभरपटीहून महाग, हे प्रमाण आजही कुणाला गाठता आलं असेल असं वाटत नाही.

डेकवर सागवान हवंच, हा हट्टही जुनाच, आणि त्याला कारण आहे. सागाच्या अंगचं तेल खारं पाणी पचवतं. जमशेटजी बोमनजी वाडियांनी मुंबईत मलबारी सागवानातून बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ १८१७ साली पाण्यात उतरली. ती आज इंग्लंडमध्ये हार्टलपूलच्या गोदीत तरंगते आहे. २०२१ साली सागवान विकणाऱ्या म्यानमारच्या सरकारी लाकूड महामंडळावर अमेरिका आणि युरोपनं निर्बंध घातले, तेव्हापासून यॉट बांधणाऱ्यांना हा हट्ट जड जातो आहे.

आता ते खलाशी. मोठ्या यॉटवर रस्ते दोन असतात. पाहुण्यांचा जिना आणि सेवकांचा जिना एकमेकांना शक्यतो भेटत नाहीत. चादरी, ताटं, बर्फ, फुलं आतल्या अरुंद वाटांनी आणि छोट्या उद्वाहकांनी फिरतात, आणि टेबलाजवळच्या एखाद्या दारातून अचानक अवतरतात. या वाटाही त्याच पोकळीतून कापायच्या. खालच्या डेकवर नाळेकडे, पाण्याच्या रेषेच्या आसपास, खलाशांच्या खोल्या. सागरी कामगार करार तीन हजार टनांखालच्या जहाजांवर दोघांच्या खोलीला किमान ७ चौरस मीटर मागतो, म्हणजे ७५ चौरस फूट. पलंग किमान १९८ बाय ८० सेंटिमीटर, छत २०३ सेंटिमीटरवर. त्यातही यॉटना त्यांच्या झेंड्याच्या देशाकडून काही सवलती मिळतात. ४९९ टनांच्या बोटीत दर पाहुण्यामागे १५७ घनमीटर एकीकडे, आणि दोघांत १४ घनमीटरांची खोली दुसरीकडे. बोट एकच.

आपल्याकडच्या वाचकाला या खोल्यांची आठवण एकदा बातम्यांतून झाली होती. विजय मल्ल्यांची ‘इंडियन एम्प्रेस’ ही ९५ मीटरची यॉट, ओशियॅन्को या डच कारखान्यानं २००० साली बांधलेली. ती २०१८ च्या मार्चमध्ये माल्टात अडकवली गेली, कारण चाळीसहून अधिक कर्मचाऱ्यांचे पगार महिनोन्‌महिने थकले होते. त्यांत भारतीयही होते. थकबाकी दहा लाख डॉलरहून जास्त. सागरी कायद्यात खलाशाच्या पगाराचा हक्क कर्ज देणाऱ्या बँकेच्याही आधी लागतो, जहाजालाच चिकटतो. अखेर बोट न्यायालयामार्फत साडेतीन कोटी युरोंना विकली गेली.

किंमत हा खरं तर कमी चक्रावणारा भाग. ‘दिलबर’ची किंमत अमेरिकेच्या अर्थखात्यानं मार्च २०२२ मध्ये तिला निर्बंधांच्या यादीत टाकताना ६० ते ७३.५ कोटी डॉलर धरली होती. ती एकदाच द्यायची. चक्रावायला होतं ते पुढच्या आकड्यानं: वर्षाचा चालवायचा खर्च ६ कोटी डॉलर. त्या वेळच्या भावानं दिवसाला सव्वा कोटी रुपये, बोट हलो न हलो. तिची जनित्रं ३० हजार किलोवॅटची. ती पूर्ण ताकदीनं चालली तर तासाला साधारण सहा टन डिझेल लागेल. पण नांगर टाकून उभी असतानाही वातानुकूलन बंद करून चालत नाही. लाकडी तक्ते, कातडी भिंती, रेशमी गालिचे, पियानो दमट हवेत महिनाभरात खराब होऊ लागतात.

हा धडा अमेरिकी सरकारनं पैसे मोजून घेतला. निर्बंधांखालच्या रशियन मालकाची म्हणून ‘अमादेआ’ २०२२ साली फिजीत जप्त झाली आणि सॅन डिएगोला नेली गेली. तिच्यावर हेलिपॅड आहे, तलाव आहे, भटारखान्यात जिवंत शेवंड ठेवायची टाकी आहे. सोळा पाहुण्यांच्या खोल्या आता पूर्ण रिकाम्या होत्या. तरीही तिच्या देखभालीला महिन्याला सुमारे सहा लाख डॉलर लागतात, विमा वेगळा, असं सांगत सरकारी वकील २०२४ मध्ये न्यायालयाकडे विक्रीची परवानगी मागत होते. मालकी कुणाची यावर खटला चालू राहिला, बिलं करदात्यांच्या नावे येत राहिली, आणि लिलाव व्हायला २०२५ साल उजाडलं.